१५१ कोटी आणि काचेचं एक भांडं

जून २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आयसीटीला (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडात अजून बसलेल्या यूडीसीटीला, १५१ कोटी रुपये जाहीर केले. अट काही नाही, गुरुदक्षिणा म्हणून. गुरू म्हणजे प्रा. मनमोहन शर्मा. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर गरगर फिरली. पण या सरांनी आयुष्यभर नेमकं केलं काय, असं विचारलं की 'फार मोठे शास्त्रज्ञ हो' याच्या पुढे गाडी सरकत नाही. इतरांना माहीत नसणं समजू शकतं. केमिकलच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांनाही माहीत नसतं, हे खटकतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी तारखा उरकून घेऊ. जन्म १९३७, जोधपूर. यूडीसीटीतून १९५८ ला केमिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९६० ला एम.एस्सी. टेक. मग केंब्रिज, मार्गदर्शक पीटर डँकवर्ट्स. (हा माणूस स्वतंत्र पोस्टचा विषय आहे. १९४० मध्ये लंडनवर पडलेले जर्मन सुरुंग निकामी केल्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळालेला.) १९६४ ला पीएच.डी. आणि त्याच वर्षी, वयाच्या २७ व्या वर्षी, यूडीसीटीत थेट प्राध्यापक. लेक्चरर नाही, रीडर नाही, प्राध्यापक. १९८९ ते १९९७ संचालक. १९८७ ला पद्मभूषण, २००१ ला पद्मविभूषण. १९९० ला रॉयल सोसायटीची फेलोशिप. 'हा मान मिळालेले पहिले भारतीय इंजिनिअर' असं सगळीकडे छापून येतं. ते छापताना १८४१ साली फेलो झालेले मुंबई गोदीतले अर्देशीर कर्सेटजी वाडिया हटकून विसरले जातात. ते जहाजांच्या वाफेच्या इंजिनांचे जाणकार होते, म्हणजे इंजिनिअरच की. असो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही कारकीर्द पैशावर किंवा यंत्रसामग्रीवर उभी नाही, प्रश्न निवडण्यावर उभी आहे. साठच्या दशकात परकीय चलनाची ओढाताण होती, साधं आयात उपकरण मागवायचं तर परवान्यांचं लचांड. अशा वेळी ब्युरेट, काचेचं भांडं आणि वायूचा सिलिंडर एवढ्यावर जगाला हवं असलेलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं मिळेल, हे ज्याला कळलं तो जिंकला.

तो प्रश्न असा. कारखान्यात वायू आणि द्रव यांची गाठ घालून द्यायची असते. अमोनियाच्या प्लांटमध्ये कार्बन डायऑक्साईड धुऊन काढायचा असतो, तेलाचं हायड्रोजनेशन करायचं असतं, टोल्युइनवर क्लोरीन सोडायचा असतो. काम किती वेगानं होणार हे बऱ्याचदा वायू आणि द्रव एकमेकांना किती क्षेत्रफळावर भिडतात यावर ठरतं. पण फेसाळलेल्या टाकीत ते क्षेत्रफळ मोजणार कसं? फोटो काढून भिंतीलगतचे बुडबुडे तेवढे दिसतात, आतले नाहीत. आणि टाकी पोलादी असेल तर तेही नाही.

उपाय: रासायनिक क्रियेलाच मोजायला लावायचं. कल्पना एकट्या शर्मांची नव्हे, युरोपातही यावर काम चालू होतं. पण डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी तिला नीट पद्धतीचं रूप दिलं, आणि माटुंग्यात ती एकामागून एका उपकरणावर चालवली गेली. क्रिया पुरेशी जलद असेल तर वायू द्रवात खोल शिरतच नाही, पृष्ठभागाच्या पातळ थरातच संपतो. मग दर चौरस सेंटिमीटरमागे किती वायू शोषला जाईल हे ढवळण्यावर अवलंबून राहत नाही. ते फक्त वायूची विद्राव्यता, त्याचा विसरणांक (तो द्रवात किती वेगानं पसरतो) आणि क्रियेचा वेग यांवर ठरतं. इथेच खरी गंमत आहे. हे तीन आकडे वेगवेगळे माहीत असायचीही गरज नाही. साधारण १० सेंमी व्यासाचं काचेचं भांडं घ्या. द्रवाचा पृष्ठभाग सपाट राहील इतपत, मिनिटाला ६० ते ९० फेरे, हळू ढवळा. क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, हे शाळेतलं गणित. समजा एका चौ. सेंमीला सेकंदाला एक एकक वायू शोषला गेला. आता तोच द्रव, तोच वायू, तेच तापमान ठेवून खऱ्या कॉलममध्ये (कारखान्यातल्या उभ्या नळकांड्यात) प्रयोग करा. तिथे एका घन सेंमीला सेकंदाला दोन एककं गेली, तर भागाकार करा: घन सेंमीमागे २ चौ. सेंमी, म्हणजे घनमीटरमागे २०० चौ. मीटर. झालं मोजून.

सांगायला सोपं आहे, करताना दहा ठिकाणी फसतं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे शुद्ध कार्बन डायऑक्साईड आणि १ मोलर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साईडचं द्रावण) ही जोडी. दोन्ही हाताशी असतात म्हणून लोक तीच उचलतात. हायड्रॉक्साईडबरोबरचा वेगांक सुमारे १०,००० लिटर प्रति मोल-सेकंद, विसरणांक सुमारे १.८ × १०⁻⁹ चौ. मीटर प्रति सेकंद. गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याला मास ट्रान्सफर कोइफिशंटनं (वायू पृष्ठभागातून द्रवात किती वेगानं जातो त्याचा आकडा) भागायचं; तो कॉलममध्ये १०⁻⁴ मीटर प्रति सेकंदाच्या घरात धरा. हाट्टा नंबर (क्रियेचा वेग आणि वायू आत जाण्याचा वेग यांची तुलना) येतो ४२. तीनपेक्षा बराच मोठा, म्हणजे क्रिया जलद आहे, छान. पण दुसरी अट विसरली जाते. पृष्ठभागापाशी हायड्रॉक्साईड संपता कामा नये. शुद्ध वायूची विद्राव्यता सुमारे ०.०३ मोलर, एका रेणूला दोन हायड्रॉक्साईड लागतात, म्हणून १ ला ०.०६ नं भागायचं: जवळपास १७. हाट्टा नंबर या आकड्याच्या बराच खाली हवा. इथे ४२ आहे. म्हणजे पृष्ठभागावरचं कॉस्टिक संपून गेलंय, वेग पुन्हा ढवळण्यावर अवलंबून झालाय, आणि विद्यार्थी मात्र 'क्षेत्रफळ' मोजतोय. संथ ढवळलेल्या भांड्यात कोइफिशंट आणखी लहान, म्हणजे घोळ आणखी मोठा.

वायू हवेत मिसळून १ टक्क्यावर आणला तर ही अट सुटते, पण मग वायूच्या बाजूचा अडथळा मध्ये येतो, म्हणजे हवेतून पृष्ठभागापर्यंत पोचायलाच वायूला वेळ लागतो. म्हणून कॉस्टिकऐवजी कार्बोनेट-बायकार्बोनेटचं बफर घ्यायचं आणि त्यात आर्सेनाइट किंवा हायपोक्लोराइट उत्प्रेरक म्हणून घालायचं. शर्मांच्या केंब्रिजमधल्या कामाचा एक मोठा भाग हाच होता. उत्प्रेरकाचं प्रमाण वाढवत न्या, प्रत्येक वेळी शोषणाचा वेग मोजा, विद्राव्यतेनं भागून वर्ग करा आणि क्रियेच्या वेगांकासमोर आलेख काढा. सरळ रेषा येते. तिच्या चढावरून क्षेत्रफळ मिळतं, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून मास ट्रान्सफर कोइफिशंट आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. एका आलेखात दोन्ही. याला डँकवर्ट्स प्लॉट म्हणतात, आणि परीक्षेत तो पाठ करून काढला जातो.

पद्धत निर्दोष होती असंही नाही. १ मोलर क्षाराच्या द्रावणात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, लहानच राहतात. त्यामुळे तिथे मोजलेलं क्षेत्रफळ साध्या पाण्याला किंवा टोल्युइनला जसंच्या तसं लावलं तर डिझाइन तोंडावर आपटतं. ऑक्सिजनसाठी कोबाल्टयुक्त सल्फाइट वापरतात, त्यातही धातूंची अशुद्धी किंचित बदलली की वेग बदलतो. नवीन बाटली उघडली की भांड्यातला प्रयोग पुन्हा करायचा. कंटाळा केला की आकडे गेलेच.

या एका हत्यारातून पुढे किती फांद्या फुटल्या बघा. रघुनाथ माशेलकरांनी शर्मांकडे १९६९ ला पीएच.डी. केली, बबल कॉलमवर (द्रवाच्या उभ्या नळकांड्यात खालून वायूचे बुडबुडे सोडायचे) काम केलं आणि नंतर पॉलिमरकडे वळले. ज्येष्ठराज जोशींनी १९७७ ला पीएच.डी. केली. ते बबल कॉलमपाशीच राहिले, पण प्रश्न बदलला: आत द्रव फिरतो कसा? गणपती यादव उत्प्रेरकांकडे गेले. जोशी आणि यादव दोघांनीही पुढे संस्थेची धुरा सांभाळली. गुरूचाच विषय चघळत बसलेलं यात कोणी नाही. आपल्याकडे गाइडचा विषय हा वडिलोपार्जित जमिनीसारखा वाटून घेतला जातो, त्या पार्श्वभूमीवर हे मला महत्त्वाचं वाटतं.

स्वतः शर्माही एका जागी बसले नाहीत. पुढे ते पदार्थ वेगळे करण्याच्या प्रश्नांकडे वळले. मेटा-क्रेसॉल आणि पॅरा-क्रेसॉल यांच्या उत्कलनबिंदूंत अर्ध्या अंशाचाही फरक नाही, दोन्ही २०२ अंशांच्या आसपास. डिस्टिलेशनला हात टेकावे लागतात. पण मेटा किंचित जास्त आम्लधर्मी आहे. मग सगळ्याला पुरणार नाही इतकंच कॉस्टिक द्यायचं. त्याच्यासाठी दोघांत झुंज लागते आणि मेटा जास्त प्रमाणात पाण्यात उतरतो. अडचण पुढे येते. मेटा परत मिळवायला आम्ल घालावं लागतं, आणि प्रत्येक किलोमागे मिठाचं सांडपाणी पदरी पडतं. म्हणून कॉस्टिकच्या जागी पुन्हा वापरता येईल अशी सौम्य आम्लारी शोधणं आलं. असे प्रश्न जर्नल वाचून सुचत नाहीत, कारखान्यात गेल्यावर सुचतात. कन्सल्टन्सीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता आजचं. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) २०१९ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापक व्हायला पीएच.डी. आणि किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. त्यातली ३ वर्षं असोसिएट प्रोफेसरच्या दर्जाच्या पदावर हवीत. त्या पदावर असताना ६ पेपर आणि आजवर मार्गदर्शन करून पूर्ण केलेल्या २ पीएच.डी., नाहीतर १० पेपर. २७ व्या वर्षी हे गणित बसूच शकत नाही. नियम मूर्खपणाचा आहे असं मी म्हणत नाही. भाचे-पुतणे खुर्चीत बसू नयेत म्हणून असं कुंपण लागतं. माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. ६ पेपर कसले, हे कोणी विचारत नाही.

आणि मग पेपर कसे पडतात? झिंक ऑक्साईडमध्ये काहीतरी मिसळायचं, 'नॅनो' म्हणायचं, एक्सआरडी आणि सेम (एसईएम) या पदार्थाची रचना दाखवणाऱ्या चाचण्या बाहेरून पैसे भरून करून घ्यायच्या, मेथिलीन ब्लूचा रंग उडाला की 'फोटोकॅटॅलिसिस'. अंधारात अर्धा तास ठेवून नुसतं शोषण किती झालं ते पाहिलेलं नसतं. ढवळण्याचा वेग ३०० वरून ६०० वर नेला तर वेग बदलतो का, तेही पाहिलेलं नसतं. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (क्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) १२ किलोज्यूल येते आणि लेखक खुशीत 'उत्प्रेरक फार प्रभावी' असं लिहून टाकतो. अहो, १२ आली म्हणजे बहुधा तुम्ही क्रिया मोजलीच नाही, विसरण मोजलंत! हीच गल्लत होऊ नये म्हणून दोराईस्वामी आणि शर्मा यांनी १९८४ मध्ये दोन जाडजूड खंड लिहिले. ते बहुतेक ग्रंथालयांत आहेत. इश्यू केल्याचे शिक्के मोजून बघा.

कॉलेजला निधी नाही ही सबब या एका प्रयोगाला तरी लागू होत नाही. काचकाम करणाऱ्याकडून १० सेंमी व्यासाचं, सपाट तळाचं भांडं, आत चार बॅफल्स (भोवरा होऊ नये म्हणून उभ्या पट्ट्या). वेग कमी करता येईल अशी मोटर. कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर आणि वायू आधी पाण्यातून सोडायला एक बाटली, नाहीतर कोरडा वायू पाणी उचलतो आणि आकडा चुकतो. शोषणाचा वेग मोजायला साबणाच्या फिल्मचा मीटर. तो जुन्या ब्युरेटमधूनही बनतो. साबणाचा थेंब भांड्यात जाऊ द्यायचा नाही, पृष्ठभागाची हालचाल तिथेच मंदावते. कॉस्टिक वापरलं तर आधी बेरियम क्लोराईड घालून कार्बोनेट खाली बसवायचं आणि मग फिनॉल्फथॅलिनवर टायट्रेट करायचं. ९० फेऱ्यांच्या फार वर गेलात की लाटा उठतात, आणि मग ७८.५ हा आकडा विसरा. तिसऱ्या वर्षाच्या तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चार वाचनं आरामात होतात.