खुलासा : मात केलेली भीती मेंदूतून ‘डिलीट’ होत नाही

‘भीतीला सामोरं गेलं की मेंदू ती आठवण कायमची पुसतो, भीती परत आली तर उपचार फसले’ असा मेसेज फिरतो आहे. पहिलं विधान चुकीचं आहे, दुसरं घातक.

आवाजासोबत शॉक बसलेला उंदीर नंतर नुसत्या आवाजानेही थिजतो. तोच आवाज शॉकविना वारंवार ऐकवला की थिजणं कमी होतं. पण पिंजरा बदलला किंवा बरेच दिवस गेले, की भीती पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे जुनी आठवण तिथेच असते. ‘आता धोका नाही’ ही नवी आठवण तिला दाबून धरते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी अन्नाची सवय लावलेला संकेत अन्नाविना वारंवार दिला, तेव्हा कुत्र्यांची लाळ थांबली; पण काही वेळाने ती आपोआप परतताना त्यांनाही दिसली होती.

ही नवी आठवण राहते कुठे? २००२ मध्ये मिलाद आणि क्वर्क या संशोधकांनी मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींकडे बोट दाखवलं. २०२० मध्ये एमआयटीतल्या सुसुमु तोनेगावा यांच्या गटाला ती अमिग्डालामध्ये (भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग), एरवी बक्षिसाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींत सापडली. मला हे फार विलक्षण वाटतं : शॉक न बसणं हेच मेंदूला बक्षीस!

हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, पण भीतीला सामोरं जायला लावणाऱ्या उपचारांनंतर भीती परतणं माणसांतही दिसतं. तसं झालं तर स्वतःला दोष देऊ नका, उपचार सोडू नका, थेरपिस्टला सांगा. वेगवेगळ्या ठिकाणी केलेला सराव उपयोगी पडू शकतो.