थोर वडिलांच्या बँडमध्ये कसं टिकावं

परवा एका जाझ श्रवणसभेत निवेदकांनी ‘थिंग्ज एन्ट व्हॉट दे यूज्ड टु बी’ लावलं आणि ‘अमेरिकी जाझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांची अजरामर रचना’ म्हणून टाळ्या घेतल्या. रचना मुळात त्यांच्या मुलाची, मर्सरची; तोही वडिलांच्याच बँडमध्ये होता. त्यामुळे वडिलांच्याच बँडमध्ये करिअर करू पाहणाऱ्या होतकरूंसाठी या सूचना.

पहिली सूचना: शक्यतो दुसऱ्या घरात जन्म घ्या.

ते हुकलं असेल तर निदान लवकर सुरुवात करू नका. जाझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमननी १९६६ मध्ये दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला ड्रमवर बसवून अख्खी रेकॉर्ड केली. पुढे ज्या रेकॉर्डिंगला २००७ चं पुलित्झर मिळालं, त्यावरही ड्रम डेनार्डोचेच. पण पोरखेळाचा शिक्का काही पुसला जात नाही.

नोटेशन उतरवायला शिका. पंधरा माणसांच्या बँडला प्रत्येकाचा कागद वेगळा लागतो. ट्रम्पेट आणि आल्टो सॅक्समधून लिहिलेल्यापेक्षा खालचा स्वर निघतो, म्हणून पियानोचा ‘सी’ स्वर ट्रम्पेटवाल्याला ‘डी’ लिहून द्यायचा आणि आल्टो सॅक्सवाल्याला ‘ए’. विसरलात तर ट्रम्पेट एक पूर्ण स्वर खाली वाजेल आणि सगळे तुमच्याकडे बघतील. बरोबर आलं तर वडिलांकडे बघतील.

रचना करायची तर वडिलांची अडचण झाल्यावर करा. मर्सर एलिंग्टनने हा मुहूर्त साधला. १ जानेवारी १९४१ पासून अमेरिकी रेडिओ नेटवर्कनी मानधनाच्या भांडणापायी ‘अ‍ॅस्कॅप’ या संगीतकारांच्या संघटनेच्या सभासदांचं संगीत वाजवणं बंद केलं. ड्यूक सभासद. म्हणजे बँड रेडिओवर, पण स्वतःची एक चीज वाजवायची सोय नाही! मग ज्यांच्यावर सभासदत्वाचा शिक्का नाही असे दोघे कामाला लागले: ड्यूकचा सहकारी संगीतकार, पंचविशीतला बिली स्ट्रेहॉर्न आणि एकविशीतला मर्सर. स्ट्रेहॉर्नची ‘टेक द ए ट्रेन’ तेव्हापासून बँडची ओळख झाली. ती ज्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, रेकॉर्ड झाली, त्याच दिवशी मर्सरची ‘ब्लू सर्ज’ही झाली. ऐका ती एकदा, बेन वेब्स्टरच्या टेनर सॅक्ससाठी तरी ऐका. आणि जुलैत बँडमधल्याच सॅक्सवाल्या जॉनी हॉजेसच्या छोट्या संचाने मर्सरचं ‘थिंग्ज एन्ट’ वाजवलं. बारा बारचा (म्हणजे बारा तालविभागांचा) ब्लूज, साधी, गुणगुणता येईल अशी सुरावट. बंदीच्या वर्षात या पोरांनी बँडची चूल पेटती ठेवली आणि श्रेय कुणाला? ‘वडिलांनीच लिहून दिलं असेल हो!’ अरे, वडिलांच्या नावाचं वाजवायला बंदी होती म्हणून तर याला बसवला ना लिहायला!

असो. सूचना चालू ठेवू.

मॅनेजर व्हा. १९६० च्या दशकात मर्सर बँडमध्ये आला तो ट्रम्पेट घेऊन आणि रोड मॅनेजर म्हणूनही. सोलो क्वचितच. बसची वेळ, हॉटेल, पगार आणि उशिरा येणारे ज्येष्ठ कलावंत मात्र रोज. आपल्याकडे निदान मागे तानपुरा धरून बसता येतं.

वडील गेल्यावर बँड बंद करू नका. मर्सरने १९७४ ते १९९६, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तो चालवला. १९८८ मध्ये ज्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं, त्याचं नाव ‘डिजिटल ड्यूक’.

आता निवेदकांशी सरळच बोलतो. रेकॉर्डच्या लेबलवर शीर्षकाखाली संगीतकाराचं नाव छापलेलं असतं. बारीक असतं, पण असतं. ते वाचायला जाझ कळावं लागत नाही, चष्मा पुरतो. तीन मिनिटांच्या तबकडीआधी पाच मिनिटं बोलता, त्यात तेवढं एक नाव घ्यायला काय होतं तुम्हाला? मर्सर. कागदावर लिहून घ्या.