फ्रेंच सरदार आणि कूलरचा पत्रा

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मित्र एका फ्रेंच सरदाराचा रेकॉर्ड मोडायला निघालो होतो. सरदाराला जाऊन शंभराच्या वर वर्षं झालीत, तेव्हा त्याच्याकडून हरकत यायचा प्रश्न नव्हता. हरकत आली ती घरून, कूलरवाल्याकडून आणि एका गाईकडून.

सुरुवात पंक्यानं केली. पंक्या इंजिनिअर आहे. तसा नागपुरात घरटी एक असतोच, पण हा त्यातला वाचणारा. एका रविवारी तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात असताना त्यानं आम्हाला सांगितलं, की १५ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात अँडी ग्रीन नावाच्या इंग्रज वैमानिकानं थ्रस्ट एसएससी ही गाडी ताशी १२२८ किलोमीटरनं पळवली. जमिनीवर, चाकांवर, आवाजापेक्षा जोरात. लढाऊ विमानाची दोन जेट इंजिनं आणि दहा टन वजन.

"मोडू ना बे आपण," सुन्या म्हणाला. सुन्याचं महाल भागात बिछायत केंद्र आहे. लग्नाच्या तारखा नसल्या की त्याच्याकडे वेळ आणि कापड दोन्ही भरपूर असतं.

"अबे, बाराशे अठ्ठावीस!"

"मग त्याच्या आधीचा पाह्य ना."

पंक्या मोबाइलवर मागं मागं सरकत गेला. १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेल, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, ताशी ४८४. जमत नाही. १८९९ मध्ये कामिल जेनाझी, ताशी १०५.८८. हा जमला असता, पण सुन्या म्हणाला अजून खाली जा. सगळ्यात तळाशी १८ डिसेंबर १८९८ ही तारीख निघाली. पॅरिसजवळ गास्तों द शासलू-लोबा नावाच्या सरदारानं विजेवरच्या गाडीत एक किलोमीटर सत्तावन्न सेकंदांत कापलं होतं. ताशी ६३.१५ किलोमीटर. त्याच्या खाली यादीत कोणीच नव्हतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि तर्री परत मागवली. हा आमच्या आवाक्यातला माणूस होता.

गाडी सुन्याच्या काकांची. वाड्याच्या मागं कडुनिंबाखाली मारुती ८०० कित्येक वर्षं उभी होती. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण. उस्तादांनी बॅटरी बदलली, कार्बोरेटर धुतला, किल्ली फिरवली आणि गाडी बोलली. एका दुपारचं काम. "मस्त आहे भाऊ," हात पुसत उस्ताद म्हणाले. "आजही शंभरच्या वर जाते."

हे वाक्य कोणीच मनावर घेतलं नाही. शंभरानं जाणारी मारुती ही मारुतीच असते. रेकॉर्डची गाडी दिसायलाही रेकॉर्डची पाहिजे.

त्यातून पंक्याकडे शास्त्र होतं. वेग दुप्पट केला की हवेचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा कापायला ताकद आठपट लागते. म्हणून गाडी बुटकी आणि निमुळती हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बिल बर्क नावाच्या पठ्ठ्यानं विमानाच्या पोटाखाली टांगायची पेट्रोलची जादा टाकी भंगारात घेतली आणि तिच्यातच गाडी बसवली, हे त्यानं सांगताच सुन्या उठला. नागपुरात वायुसेनेचं मेंटेनन्स कमांड आहे, गेटवर जाऊन एखादी टाकी आहे का विचारून येतो म्हणाला. त्याला दोघांनी धरून बसवलं.

टाकी नाही तर पत्रा. उस्तादांनी मारुतीची वरची बाजू ग्राइंडरनं कापली. छप्पर उतरलं, दारं गेली, खांब गेले, आणि गाडी मधोमध बसली, वरातीत रात्रभर नाचलेल्या मामासारखी. मारुतीला ट्रकची असते तशी वेगळी चासी नसते. तिचा पत्राच तिचा सांगाडा. हे उस्तादांना पहिल्यापासून माहीत होतं. "मग सांगितलं काऊन नाही?" सुन्यानं विचारलं. "तुम्ही विचारलं काऊन नाही?" उस्ताद म्हणाले. आता खालून चौकोनी पाइपची फ्रेम मारणं आलं, आणि ती मारताना उस्तादांच्या मनाचं समाधान होईपर्यंत पाइप वाढत गेला.

नवा पत्रा वाकवायला माणूस शोधला. नागपुरात पत्र्याचं पाणी जोखणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे कूलरवाला. पण आम्ही त्याच्याकडे गेलो मे महिन्यात.

"भाऊ, मे महिन्यात कूलरवाल्याले मराले टाइम नाही, आन् तुम्ही गाडी घेऊन आले?" त्याचा प्रश्न रास्त होता. पारा पंचेचाळीसच्या वर, दुकानासमोर मोटर जळालेल्या कूलरांची रांग आणि प्रत्येक कूलरमागं एक घामाघूम कुटुंबप्रमुख. शेवटी तो रात्री नऊनंतर हात लावायला तयार झाला. पंक्यानं त्याला कागदावर पाण्याचा थेंब काढून दाखवला. पुढून गोल, मागं निमुळतं. कूलरवाल्यानं चित्र नीट पाहिलं, मान डोलावली आणि कूलर बनवला. त्याचा इलाज नव्हता. हाताला तीच घडी माहीत. बाजूंना जाळ्या, जाळ्यांच्या आत ताट्या सरकवायच्या खाचा, वर चंदेरी रंग. "खाली स्टँड लावू का?" असंही त्यानं विचारलं. गाडी दुकानासमोर वाळत होती तेव्हा एका काकूंनी थांबून केवढ्याला म्हणून चौकशी केली, आणि हॉलसाठी मोठा पडेल म्हणून गेल्या.

यथावकाश गाडी धरमकाट्यावर नेली. मूळ मारुती साडेसहाशे किलोच्या आसपास. आमची हलकी केलेली आठशे वीस भरली. काट्यावरच्या पोरानं पावती फाडली, त्यात 'माल' या रकान्यात त्याच्या अकलेनं 'भंगार' लिहिलं. पंक्यानं ती पावती अजून फाडलेली नाही, घडी करून पाकिटात ठेवली आहे.

आता ड्रायव्हर. आतली जागा कूलरच्या मापाची, आणि आमचा ग्रुप सावजीच्या रश्श्यावर पोसलेला. पंक्या कमरेपर्यंत गेला. सुन्याला तर प्रयत्नच करू दिला नाही. मी पहिल्यापासून किडकिडीत. आईनं माझ्या तब्येतीची आयुष्यभर काळजी केली, त्याचं असं चीज झालं. मी आत बसायचं, वरून झाकण ठेवायचं आणि चार बोल्ट बाहेरून कसायचे. आतून उघडायची सोय काय, असं मी विचारलं. "आम्ही आहो ना," सगळे म्हणाले.

घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं. पण रेडिएटर उकळायला लागला. तेव्हा पंक्याच्या डोक्यात आलं, की खाचा आहेतच तर वाळ्याच्या ताट्या बसवू आणि वरून पाणी सोडू, इंजिनला थंड हवा मिळेल. त्यासाठी कूलरचा छोटा पंप हवा होता. भर उन्हाळ्यात नवा पंप रांगेशिवाय मिळेना. मी आमच्या हॉलच्या कूलरचा काढून नेला, दोन दिवसांच्या बोलीवर. नेमकी त्याच संध्याकाळी अमरावतीची आत्या आली आणि कूलरसमोर आडवी झाली.

"बाबू, तुहा कूलर आग फेकून राहिला रे. पाणीच नाही येऊन राहिलं त्याच्यातून."

बायकोनं मागचा पत्रा उघडला. पुढं सगळं बाहेर आलं. पंप, मारुती, सरदार, सत्तावन्न सेकंद. मी समजूत काढावी म्हणून या खेळाचा थोर इतिहास सांगायला घेतला. १९२७ साली वेल्समध्ये पेंडाइनच्या समुद्रकिनाऱ्यावर पॅरी-थॉमस नावाचा माणूस 'बॅब्ज' नावाच्या गाडीतून रेकॉर्ड करायला गेला आणि त्यात वारला. गाडी तिथंच वाळूत पुरली होती, ती बेचाळीस वर्षांनी उकरून काढली, दुरुस्त केली आणि पुन्हा चालवली.

"गाडी चालली," आत्या म्हणाली. "माणसाचं काय झालं ते सांग."

इतिहास चुकीच्या ठिकाणी थांबला की असं होतं. पंप परत गेला नाही, पण त्याच्या बदल्यात मी रात्री बारापर्यंत आत्याच्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होतो.

इकडं उस्तादांची तारीख पुढं पुढं जात होती. कोणी घाई केली की ते बर्ट मन्रोचं नाव काढत. ही गोष्ट त्यांना पंक्यानंच सांगितली होती आणि त्याला आता पस्तावा होत होता. न्यूझीलंडचा हा म्हातारा १९२० च्या मोटरसायकलवर वर्षानुवर्षं खपत राहिला. पिस्टनसुद्धा स्वतः ओतायचा. १९६७ मध्ये अडुसष्टाव्या वर्षी त्यानं बॉनव्हिलला जाऊन आपल्या गटाचा रेकॉर्ड केला. "त्याले कोणी दोन महिन्यांत मागितली का गाडी?" उस्ताद विचारत आणि चहा सांगत.

जागेचाही घोळ झालाच. आताचे मोठे रेकॉर्ड बहुतेक मिठाच्या नाही तर सुकलेल्या तळ्याच्या मैदानावर होतात. विदर्भात खारं म्हणावं तर लोणार, आणि लोणार म्हणजे जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. सुन्याला समृद्धी महामार्ग हवा होता. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता आपल्याच गावाहून निघतो, मग अडचण काय? अडचण ही, की अशी कापून जोडलेली गाडी कुठल्याच सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. पण नागपूरकराला लेआउटची कमी नाही. उमरेड रोडच्या पलीकडे एका ओळखीच्याचं मोठं लेआउट आहे. घरं शून्य, कमान भव्य आणि मधून सरळ डांबरी रस्ता. मालकानं खुशीनं परवानगी दिली. तिथं काही तरी हालचाल दिसली तर प्लॉट खपतील, एवढीच त्याची आशा होती.

पहाटे सहाला आम्ही पोचलो. मारुती चारसौ सातवर बांधून आणली होती. सोबत बिछायत केंद्राचा छोटा हत्ती टेम्पोही होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी भरलेला, कारण खुर्च्यांशिवाय कार्यक्रम सुन्याला कळत नाही. शिवाय त्या खुर्च्या नंतर कामठीला एका तेरवीला जायच्या होत्या. छोट्या हत्तीचा ड्रायव्हर राजू दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होता.

आताचा नियम असा, की एकाच पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी पळायचं, तेही एका तासाच्या आत, आणि दोन्हींची सरासरी धरायची. नाही तर वारा पाठीशी घेऊन कोणीही शूर होईल. एक किलोमीटर मोजून दोन टोकांना झेंड्या लावल्या. दोन्ही टोकांना सुन्याची पोरं मोबाइल घेऊन बसवली. गाडी झेंडीपाशी आली की बटण दाबायचं आणि वेळ लिहायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

थांबायला पॅराशूट होतं. सुन्यानं शामियान्याचं छत शिवून आणलं होतं, गुलाबी, सोनेरी झालरीचं. ते मागं गुंडाळून बांधलं.

बोल्ट कसले. आत वाळ्याचा सुंदर वास, मानेवर थेंब थेंब पाणी आणि समोर चार बोटं फट. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. पत्रा असा वाजू लागला, की इंजिन चालू आहे की नाही हे फक्त पायाला कळत होतं. काटा पन्नासवर गेला आणि फटीत गाय आली. ती उभी होती, आणि तिचा विचार पक्का होता. मी हॉर्नचं बटण शोधलं. हॉर्न उस्तादांनी वजन कमी करायला काढला होता. कशीबशी बाजू काढून पलीकडची झेंडी गाठली. एकाहत्तर सेकंद.

परतीला चाळीस मिनिटं रेडिएटर निवण्यात गेली. बोल्ट काढायचा पाना पहिल्या टोकाला राहिला होता, त्यामुळे मी आतच होतो. जाळीतून मला पाणी पाजलं. मग पंक्या ओरडला, की तास संपत आला, सोड. मी सोडली. या खेपेला गाय नव्हती. तिसरा, चौथा, काटा साठला टेकला, आणि मागं फडाड आवाज झाला. वाऱ्यानं दोरी सुटली आणि पॅराशूट स्वतःच्या मर्जीनं उघडलं. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी ठरल्याप्रमाणं काम करत होती. गाडी कण्हत कण्हत पट्ट्याच्या मधोमध थांबली, मागं सगळ्या रस्त्यावर गुलाबी छत पसरून.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. तेरवीची वेळ होत होती. राजूनं डांबर सोडलं, छत चुकवलं, माझ्या बाजूनं खुर्च्या खडखडवत छोटा हत्ती काढला आणि कमानीकडे निघून गेला. थोड्याच वेळात तो तितक्याच जोरात परत आला, कारण पाण्याचा ड्रम पलीकडेच विसरला होता.

मला बाहेर काढल्यावर सगळे कागदाभोवती जमले. पोरांनी सांगितलं होतं तसंच केलं होतं. झेंडीपाशी गाडी आली की बटण. छोटा हत्ती, एका बाजूनं छप्पन्न सेकंद. दुसऱ्या बाजूनं पंचावन्न. दोन्ही एका तासाच्या आत, दोन्ही सत्तावन्नच्या खाली. पंक्यानं दोनदा गणित तपासलं.

ड्रम चढवून राजू निघतच होता. सुन्यानं त्याला थांबवून सांगितलं, की तू आत्ता फ्रान्सच्या सरदाराचा रेकॉर्ड मोडला.

"खुर्च्या होत्या ना भाऊ मागं," राजू म्हणाला. "नाही तर अजून हाणली असती." आणि तो कामठीला गेला.