तेरा हजार पाचशे किलोमीटर आणि चौदा दशम्या

2023 च्या जूनमध्ये आईबाबा ताईकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार होते आणि तिकीट काढल्या दिवसापासून आमच्या कोथरूडच्या घरात एकच विषय, किती लांब आणि किती वेळ. तिकिटावर काय, तर मुंबईहून दुपारी दोनला निघणार आणि तिथे साडेपाचला पोचणार, त्याच दिवशी. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "साडेतीन तास? एवढ्यात तर धड वाशी येत नाही." मग तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे, म्हणजे खरे सोळा तास, हे समजावण्यात माझा एक रविवार गेला. त्यावर म्हणे, "मग तसं लिहायला काय जातं त्यांचं!"

अंतर साधारण 13,500 किलोमीटर, हे मी फोनमध्ये बघून सांगितलं आणि तिथेच फसलो, कारण नकाशावर ती रेघ पार वर उत्तर ध्रुवाकडे वळसा घालून गेलेली. "अमेरिका पश्चिमेला ना रे? मग हा वर कुठे चाललाय, मीटर पळवायला?" चाळीस वर्षं रिक्षावाल्यांशी भांडलेला माणूस, त्याला पायलटपण स्वारगेटचाच वाटतो.

शेवटी माळ्यावरून माझा पाचवीतला पृथ्वीचा गोल काढला (त्यावर अजून सोव्हिएत संघ शाबूत आहे), आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मी मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं बाबांनी सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. दोरा आपोआप सरकत सरकत सैबेरियावरून ध्रुवाच्या शेजारी जाऊन बसला. पश्चिमेकडून आडवा नेला तर चांगला चार बोटं जास्त लागला. बाबांनी तीनदा मोजलं. मग गप्प. मग, "ताशी 900 धरले तर पंधरा तास होतात, सोळा कसे?"

मी म्हटलं, अहो बाबा, धावपट्टीपर्यंतची रांग असते, वर चढणं-उतरणं असतं, समोरून वारा असतो.

"म्हणजे तासभर सिग्नलला."

आईचा प्रश्न एकच होता, जेवणं किती? विमानात देतात म्हटलं तर "ते जेवण नव्हे." बोटांवर काहीतरी हिशोब करून तिने दुधात भिजवलेल्या चौदा दशम्या केल्या आणि शेंगदाण्याची चटणी.

पहाटे पाचला निघालो. सव्वासहाला घाटात, अमृतांजन पुलापाशी (पूल 2020 मध्येच पाडला, ट्रॅफिक तेवढा ठेवलाय) एक कंटेनर आडवा आणि त्याच्यामागे आम्ही, इंजिन बंद, दोन तास. बाबा दर पाच मिनिटांनी खाली उतरून कंटेनर बघून यायचे, जसं काही हे गेल्याशिवाय तो हलणारच नाही. आईने डबा उघडला. ड्रायव्हरदादा तीन, मी चार, आणि बाबा "मला एकच दे" असं चार वेळा.

एअरपोर्टच्या दारात आईने डबा कानाशी हलवून बघितला.

"अहो, तीनच उरल्यात. ध्रुव यायच्या आत संपतील."