पद वाढले तरी झोप का वाढत नाही? : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांच्या झोपेविषयीच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा, की ज्याला नोकरी मनापासून आवडते त्याला झोप लागते आणि ज्याला ती नकोशी झाली आहे तो कूस बदलत राहतो. आपल्या मते हा प्रश्न पगाराचा आणि कामातल्या समाधानाचा असून त्यात वंशाला ओढणे हा निव्वळ हट्ट आहे. न्यू जर्सीत पंधरा वर्षे नोकरी करूनही आपल्याला रोज सात तास निर्धास्त झोप लागते, असा स्वतःचा दाखलाही आपण दिला आहे.

यातला एक भाग मला मान्य आहे. ‘नोकरीतील असमाधानामुळे झोप उडते’ हे माझे वाक्य उतावळेपणाचे होते. रात्री नीट झोप न झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तेच काम, तोच वरिष्ठ आणि तेच सहकारी अधिक जाचक वाटतात. त्यामुळे समाधान आणि झोप यांबद्दल एकाच बैठकीत प्रश्न विचारले, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्या उत्तरांवरून ठरवता येत नाही. आपण हे दाखवून दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

मात्र ‘बाकी सर्व पगाराचा खेळ’ हे मला पटत नाही. तसे असते तर माणूस जसजसा वरच्या पदावर चढतो तसतशी त्याची झोप सुधारायला हवी होती, मग तो कोणत्याही वंशाचा असो. चंद्रा जॅक्सन, सुझन रेडलाइन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०११ या काळातील अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीची माहिती तपासली, तेव्हा गोऱ्या कर्मचाऱ्यांत जबाबदारीचे पद वाढेल तसे सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांचे प्रमाण घटताना दिसले, तर कृष्णवर्णीयांत ते बहुतांशी वाढताना दिसले. ज्या बढतीने एकाला झोप मिळते, तीच दुसऱ्याची झोप हिरावते, हे केवळ पगाराच्या हिशेबात कसे बसवायचे? (‘वंश’ या शब्दाने मी रक्तातला भेद सुचवत नाही. तेथील पाहण्यांत माणूस स्वतःची जी सामाजिक ओळख सांगतो, तेवढाच त्याचा अर्थ आहे. ‘वर्ण’ हा शब्द आपल्याकडे भलतीकडे नेतो, म्हणून टाळला.)

समाधानाविषयीची माझी शंका याहून जुनी आहे आणि ती रेल्वेच्या डब्यातून आलेली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनगाड्यांसाठी कृष्णवर्णीय पुरुषांना पोर्टर म्हणून नेमले. प्रवाशांची अंथरुणे घालणे, रात्री त्यांचे बूट चमकवून ठेवणे, घंटी वाजताच हजर होणे, हे त्यांचे काम. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने नव्हे, तर मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. महिन्याला सुमारे चारशे तासांची ही चाकरी करताना दुसऱ्यांच्या झोपेची सोय पाहणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला रात्री जेमतेम काही तासांची डुलकी येई. तरीही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत ही नोकरी मानाची होती, कारण शेतमजुरी आणि घरकाम यांच्या तुलनेत ती खरोखरच बरी होती. त्या पोर्टरला समाधानी आहेस का असे विचारले असते, तर त्याने ‘हो’ म्हटले असते, असे मला वाटते. पण त्या ‘हो’मध्ये इतर किती दारे बंद होती याचा हिशेबही धरलेला असता. त्याची झोप वाढली ती समाधानाने नव्हे. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये उभ्या राहिलेल्या संघटनेने बारा वर्षे झुंज देऊन १९३७ मध्ये करार मिळवला आणि महिन्याचे तास दोनशे चाळीसवर आणले, तेव्हा ती वाढली असणार.

आजचेही पाहा. शिकागोतील मध्यमवयीन स्त्री-पुरुषांच्या मनगटावर उपकरण बांधून केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत गोऱ्या पुरुषांची सरासरी झोप ६.१ तास, तर कृष्णवर्णीय पुरुषांची अवघी ५.१ तास भरली. उत्पन्न, शिक्षण आणि नोकरी यांचा हिशेब धरूनही वंशांमधली ही तफावत पुसली गेली नाही. शेजारचा गोंगाट, पाळ्यांची कामे आणि कार्यालयात एकटेच वेगळे असण्याचा ताण, यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर वाद जरूर घालू. पण पगार हे एकमेव उत्तर नाही, एवढे यातून निघते.

आता आपल्याविषयी. अमेरिकेत आशियाई कुटुंबांचे मध्यक उत्पन्न गोऱ्यांहून अधिक आहे. तरी २०१४ च्या सरकारी पाहणीत किमान सात तास झोप घेणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांत ६६.८ टक्के, तर आशियाईंत ६२.५ टक्के होते. आपण त्या ६२.५ मध्ये आहात याचा मला आनंदच आहे. फक्त एक शंका : हे सात तास घड्याळाने मोजलेले आहेत की अंदाजाचे? शिकागोच्या त्याच गटात प्रत्यक्षात पाच तास झोपणाऱ्यांनी आपली झोप सरासरी एक तासाहून अधिक वाढवून सांगितली होती.

मूळ लेखातले ते उतावळे वाक्य आज दुरुस्त केले असून, दुरुस्ती आपल्या आक्षेपामुळे झाल्याचे तेथे नमूद केले आहे.