मालकाचे उत्तर: वारा होता, सर

नमस्कार सर. बोर्ड चढवायला भाड्यानं घेतलेल्या आमच्या क्रेनबद्दल तुम्ही लिहिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमचा ऑपरेटर तुम्हाला 'मग तुम्हीच चढवा वर' असं बोलला, ते चुकलंच. त्याच्या वतीनं माफी मागतो.

पण 'झाडाचं पान हलत नव्हतं, चार तास क्रेन नुसती उभी, तरी पूर्ण शिफ्टचं बिल' हे वाचून रात्री झोप लागली नाही. खाली पान हलत नव्हतं, कबूल. वर्धा रोडला तुमच्या दोन्ही बाजूंनी इमारतींचा आडोसा आहे. बोर्ड चढवायचा होता पाचव्या मजल्याच्या गच्चीवर. तिथे बूमच्या (क्रेनच्या लांब हाताच्या) टोकाचं वारा मोजायचं यंत्र झोत आला की सेकंदाला १२ मीटर दाखवत होतं. आमच्या क्रेनच्या चार्टला (काय, कधी उचलायचं त्या तक्त्यात) वाऱ्याची मर्यादा १० ची, अन् रुंद मालाला तर आम्ही त्याच्याही आधी थांबतो.

तुम्ही विचारलंय, २५ टनांची क्रेन ६०० किलोच्या बोर्डाला काय घाबरते? वजनाला कोण घाबरतं सर? २० बाय १० फुटांचा बोर्ड म्हणजे पतंगच. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात त्याच्यावर सव्वाशे किलोच्या वर आडवा रेटा बसतो. वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट, म्हणजे जवळपास बोर्डाच्या वजनाइतका. तुमचे सुपरवायझर म्हणत होते, दोन पोरं दोर धरतील. त्या पोरांना घेऊन गेला असता तो बोर्ड.

आणि वेळेचं. नागपुरात मे महिन्यात ऊन तापलं की वावटळी उठतात, म्हणून मी सकाळी साडेसहाची वेळ मागितली होती. क्रेन सव्वासहाला आउटरिगर (टेकूचे पाय) टाकून तयार होती. तुमचा बोर्ड आला सव्वाअकराला! पेंटरनं उशीर केला, मान्य, पण त्यात आमचा काय दोष? आठ तासांचं किमान भाडं व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, तुमचा 'ओके' अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोर्ड पाऊण तासात चढला. त्या दिवसाचं फक्त डिझेल घेतलं. ते रिव्ह्यूत कुठेच नाही. दोन क्रेनचे हप्ते चालू आहेत सर, आणि काल बुटीबोरीच्या एका पार्टीनं तुमचा रिव्ह्यू दाखवूनच भाव पाडला.

यापुढे वाऱ्याचं बुकिंगच्या वेळीच नीट समजावून सांगू, ऑपरेटरलाही समज दिली आहे. स्टार एकच ठेवायचा तर ठेवा. 'वारा नव्हता' एवढं वाक्य मात्र काढा, ही विनंती.