तीन जण, साडेतीनशे किल्ले

स्वतःचा व्हिडिओ गेम काढायचं तुमचं ठरलंच असेल, तर आधी लॅमिंग्टन रोडला जा आणि परवडणार नाही असं ग्राफिक्स कार्ड घ्या. गेम अजून सुचलेला नसला तरी हरकत नाही, कार्ड आलं की सुचतो.

विषय निवडताना कंजुषी नको. एक वाडा, एक रात्र, चार कोडी असलं काही कोणी सुचवलं, तर त्याला ताबडतोब व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढा. मराठी माणसाने ओपन वर्ल्डच करावा, म्हणजे हवं तिथे मोकळं भटकता येईल असा गेम. अख्खा सह्याद्री, साडेतीनशे किल्ले, प्रत्येक बुरुजावर चढता आलं पाहिजे, पावसाळ्यात दगड निसरडे झाले पाहिजेत आणि घोड्याची शेपूट वाऱ्यावर हलली पाहिजे. टीममधला एक जण रोज डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला लटकत जातो, दुसरीची सीएची परीक्षा तोंडावर आहे आणि तिसऱ्याला घोडा काढता येत नाही. असू दे. सहा महिन्यांनी एक शेपूट तयार असेल आणि ती हलत असेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने २०२० साली 'राजी' हा गेम बाजारात आणला, तो पाच-सहा तासांत खेळून संपतो. पुणेकरांना आटोपशीरपणाची सवयच असते, आपण मुंबईकरांनी त्यातून काही घेऊ नये.

घरच्यांनी 'कधी होणार?' विचारलं की 'स्टारड्यू व्हॅली' या गेमचं उदाहरण फेका. एरिक बरोनने तो एकट्याने साडेचार वर्षं खपून केला, २०१६ मध्ये आला आणि तुफान विकला गेला. एकट्याला साडेचार, म्हणजे तिघांना दीड वर्ष. हिशोब चोख आहे. त्या काळात तो थिएटरात अर्धवेळ नोकरी करायचा आणि घर जोडीदाराच्या कमाईवर चालायचं, हा तपशील मात्र गिळून टाका. विशेषतः लग्नाची बोलणी चालू असतील तर.

आत्या विचारेल, 'अरे, सरकारने बंदी आणली ना गेमवर?' ऑगस्ट २०२५ चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमसाठी आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. पण तिला समजावत बसू नका. तुमच्या धंद्यात पैसा आहे असं मानणारी ती एकमेव व्यक्ती आहे.

काम रंगात आलं की इंजिन बदला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधताय तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनवाल्या कंपनीने गेमच्या दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं, तेव्हा कित्येक जण गोडो या फुकटच्या इंजिनाकडे वळले. वर्षभराने युनिटीने ते शुल्क रद्द केलं. तुम्ही दोन्ही वेळा घर हलवा. जुना कोड नव्याने लिहिताना जे समाधान मिळतं, ते गेम पूर्ण करण्यात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कोणाला काही कळू देऊ नका. आयडिया चोरीला जाते. (साडेतीनशे किल्ले चोरून नेणारा चोर मला एकदा बघायचाच आहे.) स्टीम या गेमच्या ऑनलाइन बाजारात गेममागे शंभर डॉलर भरले की कोणालाही दुकान मांडता येतं आणि २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांवर गेम आले. अशा गर्दीत लोक वर्षभर आधी गेमचं पान उघडतात, डेमो देतात, अनोळखी माणसांना खेळायला बसवून कुठे अडकतात ते बघतात, विशलिस्ट, म्हणजे 'आला की बघू' म्हणणाऱ्यांची यादी, जमवतात. तुम्ही यातलं काही करू नका. 'लवकरच येत आहे'चं पान किमान दोन आठवडे दिसलंच पाहिजे असा स्टीमचा नियम आहे, म्हणून नाइलाजाने बरोबर दोन आठवडे ठेवा. मे २०२५ मध्ये बीकेसीला सरकारची वेव्हज ही मनोरंजन उद्योगाची परिषद झाली, तसलं काही पुन्हा भरलं तर जरूर जा, चहा प्या, कार्डं वाटा आणि गेम दाखवायला मागितला की 'अजून एनडीए आहे', म्हणजे गुप्ततेचा करार आहे, असं म्हणा. एनडीए कोणाशी, हे कोणी विचारत नाही.

गेमची सुरुवात वंशावळीने करा, स्किपचं बटण न ठेवता. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर स्टीम गिऱ्हाइकाला पैसे परत देतं. तुमचा नायक घोड्यावर बसेपर्यंत एक तास पन्नास मिनिटं झालेली असावीत. गिऱ्हाइकाला निर्णय घ्यायला दहा मिनिटं पुरतात.

किंमत ४९९ ठेवा आणि प्रतीमागे ४९९ मिळतील असं धरून ठाण्यात फ्लॅट बघायला लागा. १८ टक्के जीएसटी गेला की राहतात ४२३, स्टीमचे ३० टक्के वजा जाता २९६. तिघांत वाटा. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो, करकराराचा फॉर्म नीट भरला तर १५ टक्के, नाहीतर ३०. सीए होऊ घातलेली मुलगी टीममध्येच आहे, म्हणून तो फॉर्म कोणीच भरणार नाही.

लाँच झाल्यावर पहिली कमेंट येईल, 'मोबाइलवर फ्री कधी?' दुसरी, 'माझा गड का नाही?' दुसऱ्याला लगेच 'पुढच्या अपडेटमध्ये' असं लिहून मोकळे व्हा आणि त्याच रात्री भाग दोनची घोषणा करा. या वेळी आरमार, आणि मल्टिप्लेअर. सर्व्हरचं भाडं महिन्याला येतं, डॉलरमध्ये.